कुलाब्याहून कुलाब्याला

"स्कोप काय आहे?" इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना हा प्रश्न ज्याला कुणीच विचारला नाही असा मराठी मुलगा मला अजून भेटायचा आहे. आवड वगैरे नंतर, आधी स्कोप. आयटीच्या लाटेने ही सवय लावली असं बरेच जण म्हणतात. पण जरा इतिहास चाळला तर हा प्रश्न आपल्याकडच्या इंजिनिअरिंगइतकाच जुना निघतो.

१८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला (तेच पुढचं सीओईपी). का, तर सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती. म्हणजे नोकरी आधी ठरली आणि अभ्यासक्रम मागाहून आला. पुढे तिथे एल.सी.ई. ही पदवी मिळू लागली. १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या त्या परीक्षेत पहिले आले आणि लगेच मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. त्या काळचं कॅम्पस प्लेसमेंटच की! फक्त कंपनी एकच होती.

रायगडच्या किनाऱ्यावर इंजिनिअरिंग यायला मात्र फार उशीर झाला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, आणि लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चं. थळचा खत कारखाना, न्हावा शेवा बंदर हे सगळं त्याच दशकातलं. त्याआधी शिकायचं तर बोटीत बसून मुंबई गाठायची, नाहीतर घाट चढून पुणे.

असाच एक मुलगा एकोणिसाव्या शतकात अलिबागजवळच्या नागावातून मुंबईला गेला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. मुंबईच्या कुलाबा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा होती, १८२६ ची. पंधरा-सोळाव्या वर्षी केरूनाना तिथे सहायक म्हणून लागले. काम काय, तर ठरल्या वेळी उपकरणापुढे उभं राहायचं, आकडा वाचायचा आणि लिहायचा. दिवसरात्र. आजच्या भाषेत शिफ्टमधला सपोर्ट जॉब! तिथून ते पुण्याला गेले, पंचांगाचं गणित सुधारायच्या मागे लागले, टिळकांना गणित शिकवलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही त्यांनी शिकवलं. या 'सपोर्ट'वाल्याला तेव्हा कुणी स्कोप विचारला असेल का कोण जाणे.

त्याच पुण्याच्या कॉलेजातून नानाभाई मूस नावाचे एक पारशी गृहस्थ एल.सी.ई. झाले. खरं तर त्यांनी पूल आणि कालवे बांधायला हवे होते. पण ते एडिनबराला जाऊन विज्ञान शिकले आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. मेकॅनिकल करून जावा लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना हा माणूस लगेच जवळचा वाटेल.

आणि गंमत पाहा, संचालक झाल्यावर त्यांच्यापुढे जे संकट आलं ते पक्कं इंजिनिअरिंगचं होतं. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून परत जातो, त्यातला काही जमिनीत पाझरतो आणि आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतो. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक बदल टिपणाऱ्या उपकरणांना हा गोंगाट म्हणजे मरणच. एकतर ट्राम थांबवा, नाहीतर वेधशाळा हलवा. ट्राम कोण थांबवणार?

जागा हवी होती मुंबईच्या जवळची, कारण जुन्या आणि नव्या नोंदी जुळायला हव्यात. पण विजेपासून लांबची. मूस यांनी अलिबाग निवडलं, कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर. बांधायला इथला काळा दगड चालणार नव्हता, कारण आपल्या बेसॉल्टमध्ये लोहखनिज असतं आणि तो स्वतःच थोडा चुंबक असतो. म्हणून पोरबंदरचा दगड आणला आणि तोही तपासून घेतला. लोखंड टाळलं, बिजागऱ्या-कड्यांना पितळ आणि तांबं. इथे त्यांची एल.सी.ई. कामाला आली असणार, असा माझा आपला अंदाज.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, पण कुलाब्याची लगेच बंद केली नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, फरक किती पडतो ते मोजलं, आणि मगच १९०६ मध्ये कुलाब्याचं चुंबकीय मोजमाप थांबवलं. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. ज्याने कधी चालू सिस्टीम नव्या सर्व्हरवर हलवली आहे त्याला यातलं मोल सांगायला नको. आम्हाला अशा समांतर चाचणीला दोन आठवडे मिळाले तरी पार्टी असते!

(गंमत म्हणजे ही कुलाब्याहून कुलाब्याला झालेली बदली. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यातच होतं, 'रायगड' हे नाव १९८१ चं. आणि केरूनानांचं नागाव इथून हाकेच्या अंतरावर.)

मग मूस यांनी १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी तपासून त्यांवर दोन भागांचा जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९१० मध्ये छापला गेला. अलिबागला नोंदी आजही चालू आहेत, आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे.

साठ वर्षं आकडे लिहून काय मिळालं, याचं एक उत्तर २००३ साली आलं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. आज तसं आलं तर उपग्रह आणि वीजपुरवठा यांचं काय होईल ही जगाला काळजी आहे. ते किती मोठं होतं हे ठरवायला शास्त्रज्ञांनी मुंबईच्या कुलाब्याच्या नोंदी काढल्या. त्यात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण सापडली. यंत्राने आपोआप टिपलेली नव्हे. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या कुणा सहायकाने, वादळ जाणवताच तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेली.