नागपाडा ते देवनार : मुंबईतील समाजकार्य शिक्षण आणि क्षेत्रकार्याची जडणघडण

प्रस्तावना

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचे स्थान आज इतके गृहीत धरले जाते की त्याला स्वतंत्र इतिहास आहे याचेही विस्मरण व्हावे. आठवड्यातील दोन दिवस विद्यार्थ्याने रुग्णालयात, निरीक्षणगृहात किंवा वस्तीत जायचे, केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवायची आणि पर्यवेक्षकासमोर बसून त्या नोंदीची चर्चा करायची, ही रचना महाराष्ट्रातील बहुतेक समाजकार्य महाविद्यालयांत आढळते. वेळापत्रकात ती एक रकाना व्यापते आणि अध्यापकांचा कार्यभार मोजण्याची वेळ आली की तो रकाना वादाचा विषय होतो. वर्गात घेतलेला तास सहज मोजता येतो. विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर घालवलेली संध्याकाळ मोजता येत नाही. हा वाद नवा वाटत असला तरी त्याची मुळे मुंबईत समाजकार्याचे शिक्षण ज्या परिस्थितीत सुरू झाले तिच्यात आहेत.

पूर्वपीठिका

संस्थेत प्रत्यक्ष काम करून शिकण्याची पद्धत विद्यापीठांनी निर्माण केलेली नाही. ती धर्मादाय संस्था आणि वस्ती-केंद्रे यांच्याकडून आली. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल आणि शिकागोत १८८९ मध्ये हल हाउस सुरू झाले. सुशिक्षित तरुणांनी गरिबांच्या शेजारी राहावे, ही त्यामागील कल्पना होती. न्यूयॉर्कच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने १८९८ मध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी प्रशिक्षणवर्ग घेतला. पुढे त्यातूनच समाजकार्याचे विद्यालय उभे राहिले. म्हणजे काम आधी होते, विद्यालय नंतर आले. मुंबईतही हाच क्रम दिसतो.

नागपाड्यातील प्रारंभ

अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत आलेल्या क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे केंद्र उभारले. नागपाडा-भायखळा हा दाट वस्तीचा, अनेक धर्मांच्या आणि अनेक भाषांच्या लोकांचा भाग. गिरण्या आणि गोदी येथून दूर नव्हत्या आणि कामाठीपुरा तर लगतच होता. सर दोराबजी टाटा यांच्या १९३२ मधील निधनानंतर त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीचा विनियोग कसा करावा या विचारातून १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. मॅन्शर्ट त्याचे पहिले संचालक होते आणि पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. वर्ग नागपाड्यातच भरत. या विद्यालयाचे १९४४ मध्ये ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ असे नामांतर झाले.

विद्यालय वस्तीतच असल्याने ‘क्षेत्रात जाणे’ या शब्दांना तेव्हा फारसा अर्थ नव्हता. क्षेत्र दारातच होते. तथापि अडचण वेगळीच होती. विद्यार्थ्याला पाठवण्यासाठी संस्था उपलब्ध होत्या. मुंबई बाल अधिनियम १९२४ मध्ये संमत झाला होता आणि १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली होती. सार्वजनिक रुग्णालये तर त्याहून जुनी होती. परंतु या संस्थांत विद्यार्थ्याला शिकवू शकेल असा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता कोठून असणार? असे कार्यकर्ते घडवण्यासाठीच तर विद्यालय निघाले होते. त्यामुळे पर्यवेक्षणाचा भार साहजिकच अध्यापकांवर आला. अमेरिकेत ही जबाबदारी मुख्यतः संस्थेतील अनुभवी कर्मचाऱ्याकडे असे. मुंबईत ज्याला तात्पुरती सोय मानता आले असते तीच पुढे महाराष्ट्रातील महाविद्यालयांची रूढ पद्धत झाली. आजचा कार्यभाराचा वाद हा त्या सोयीचाच वारसा आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्याकडे सेवा म्हणून पाहिले जाते. पण योग्य क्षेत्र मिळत नसेल तर ते स्वतः निर्माण करावे, हा शैक्षणिक निर्णयही त्यात दडलेला आहे. रुग्णालयांच्या बाबतीत यास अधिक काळ लागला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. ती देशातील पहिली मानली जाते. त्यानंतर दोनच वर्षांनी संस्थेत वैद्यकीय व मनोचिकित्सक समाजकार्याचे विशेषीकरण सुरू झाले. पद आधी आणि विशेषीकरण नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

निष्ठेचा प्रश्न

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ अन्वये पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. समाजकार्याच्या पदवीधराला त्यामुळे नोकरीची हमी मिळाली आणि कारखाना हे क्षेत्रकार्याचे एक प्रमुख स्थान बनले. येथे विद्यार्थ्यापुढे जो पेच उभा राहिला तो रुग्णालयात इतका उघड नव्हता. कारखान्याच्या फाटकातून त्याला आत घेणारे व्यवस्थापन होते आणि ज्याचे कल्याण साधायचे तो कामगार होता. संप झाला तर विद्यार्थ्याने कोठे उभे राहावे? नोंदवहीत कामगाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट लिहावी काय, आणि लिहिल्यास ती कोणाच्या हाती पडेल? पाठ्यपुस्तकातील गोपनीयतेचे तत्त्व या प्रश्नांना पुरे पडत नाही. ज्या संस्थेच्या परवानगीवर शिक्षण अवलंबून आहे तिची चिकित्सा करण्यास विद्यार्थ्याला कितपत वाव असतो, हा या शिक्षणातील सर्वांत अवघड प्रश्न होय. त्याची चर्चा पर्यवेक्षणाच्या बैठकीत जितकी होते तितकी अभ्यासमंडळांत होत नाही.

नोंदीची भाषा

क्षेत्रकार्याची नोंद, विशेषतः संभाषणाची सविस्तर नोंद, ही अमेरिकन परंपरेची देणगी. सेवार्थी काय बोलला, विद्यार्थी काय बोलला आणि त्या वेळी त्याच्या मनात काय आले, हे सर्व लिहावे अशी अपेक्षा. मुंबईत मात्र संभाषण मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत होई आणि अध्यापनाची भाषा इंग्रजी होती. ‘जीव रमत नाही’ असे म्हणणाऱ्या बाईचे बोलणे कागदावर उतरताना एखाद्या मानसशास्त्रीय संज्ञेत बसवले जाणार. पर्यवेक्षकासमोर मग त्या बाईऐवजी विद्यार्थ्याने केलेला अनुवाद येई. नंतरच्या काळात नागपूर, पुणे आणि अन्य ठिकाणी महाविद्यालये निघाली व मराठीतून अहवाल लिहिले जाऊ लागले. या बदलाकडे केवळ माध्यमाचा बदल म्हणून पाहणे अपुरे आहे. सेवार्थीचे शब्द पर्यवेक्षकापर्यंत जसेच्या तसे पोहोचण्याची शक्यता त्यामुळे प्रथमच निर्माण झाली.

देवनार आणि त्यानंतर

१९५४ मध्ये टाटा संस्था देवनारच्या परिसरात स्थिरावली. प्रशस्त आवार मिळाले, परंतु वस्ती दारातून दूर गेली आणि क्षेत्रकार्याला प्रवास जोडला गेला. बालमार्गदर्शन केंद्राची वाट मात्र खंडित झाली नाही. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्त कार्यालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ता बसू शकतो हे त्याने दाखवले आणि पुढे महाराष्ट्र शासनाने ही रचना स्वीकारून इतर जिल्ह्यांत नेली. १९९६ मध्ये याच संस्थेच्या एका प्रकल्पातून बालकांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा निघाली. रेल्वे स्थानकांवर आणि रस्त्यांवर राहणारी मुले हा तिचा आरंभीचा संदर्भ होता. वर्गातील अध्यापक आणि नवशिके विद्यार्थी यांच्या वावरातून शहराला अशा सेवा मिळत गेल्या, आणि त्या सेवांच्या कार्यालयांत पुढच्या तुकड्यांतील विद्यार्थी नोंदवह्या घेऊन बसू लागले.