परतीची वारी : नामदेव, आळंदी आणि कवितेची वाट

आजच्या विषयाला आम्ही 'परतीची वारी' असं नाव दिलं आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी वारी सगळ्यांना माहीत आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते, आषाढ शुद्ध दशमीला ती पंढरपुरात पोचते. वाटेत लाखो माणसे, दिंड्या, रिंगणे, आणि आता कॅमेरे. पण पुढे काय होतं? पौर्णिमेला गोपाळकाला होतो आणि तीच पालखी, त्याच वाटेने, साधारण दहा दिवसांत आळंदीला परत येते. तेव्हा बहुतेक लोक एसटीने, ट्रकने गावाकडे गेलेले असतात. परतीच्या वाटेवर मोजकीच माणसे चालतात. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली तर आतल्या पानावर.

आता शब्दाकडे बघा. वारी म्हणजे खेप, फेरी. जो परत येत नाही त्याची वारी होत नाही, फार तर यात्रा होते. आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं की प्रवासाने कवीला विषय मिळतो. नवी नदी, नवे डोंगर, नवी माणसे. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. मराठी संतकवितेच्या इतिहासात प्रवासाने कवीला नवी जागा दिली त्यापेक्षा जास्त वेळा जुनी जागा परत दिली. आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा आळंदीत सापडतो.

सुरुवात ज्ञानदेवांपासून करू. आपेगाव हे त्यांच्या वडिलांचे गाव, गोदावरीकाठचे. आळंदी हे आजोळ. रुक्मिणीबाईंचे वडील सिधोपंत इथले कुलकर्णी. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने तो सोडून पुन्हा संसार मांडला. त्यासाठी या कुटुंबाला गावाबाहेर टाकले गेले. इंद्रायणीकाठचे सिद्धबेट ही त्यांची राहण्याची जागा म्हणून दाखवतात. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि चार पोरकी भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला निघाली, असे परंपरा सांगते. म्हणजे हा प्रवास हौसेचा नव्हता. गावाने दार लावून घेतले म्हणून पायाखाली वाट आली.

आणि मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ सांगितला गेला तो कुठे? ना आळंदीत, ना पैठणात. वाटेवरच्या नेवाशात, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस जागेचा उल्लेख येतो तोही गोदावरीकाठच्या त्या क्षेत्राचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने ज्ञानेश्वरीकार वेगळे आणि आळंदीचे ज्ञानदेव वेगळे, असा मोठा वाद उभा केला. बहुसंख्य अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही. पण त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो: ज्या गावाने बाहेर काढलं, त्या गावी हा माणूस परत का आला? नेवाशात राहता आले असते, पैठणात राहता आले असते. ते आळंदीला आले आणि समाधीही तिथेच घेतली.

या प्रश्नाचं उत्तर ज्ञानदेवांनी स्वतः दिलेलं नाही. ते शोधायला आपल्याला नामदेवांकडे जावं लागतं.

नामदेवांच्या गाथेत 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' अशी तीन प्रकरणे आहेत. त्यांतला प्रत्येक अभंग नामदेवांचाच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते योग्यच आहेत. हस्तलिखिते बरीच नंतरची आहेत. पण ज्ञानदेवांच्या चरित्राची मराठीतली पहिली मांडणी हीच, आणि वारकऱ्यांच्या स्मरणात ती सातशे वर्षे नामदेवांच्या आवाजात चालत आलेली आहे. आपल्याला आज तो आवाज ऐकायचा आहे.

तीर्थावळीची कथा अशी. ज्ञानदेव पंढरपूरला येतात आणि नामदेवांना म्हणतात, चला, तीर्थयात्रेला जाऊ. नामदेवांचे मन तयार नाही. विठ्ठल सोडून कुठे जायचे? अखेर विठ्ठलच त्यांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवतो, याला सांभाळा म्हणतो. मग दोघे निघतात. एक वाळीत पडलेल्या घरचा ब्राह्मण, दुसरा शिंपी. एक योगी, दुसरा भक्त. चालता चालता ज्ञानदेव भक्तीची रीत विचारतात आणि नामदेव सांगतात. मारवाडात तहान लागते, विहीर खोल असते. ज्ञानदेव योगबळाने आत उतरून पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर भरून वाहू लागते.

आता गंमत अशी की प्रवासवर्णन म्हणून ही तीर्थावळी वाचायला गेलात तर निराशा होईल. काशीचे घाट कसे, द्वारकेचा समुद्र कसा, याचं वर्णन शोधत बसावं लागतं. कारण या प्रवाशाचं तोंड सारखं मागे वळलेलं आहे. प्रत्येक तीर्थावर त्याला चंद्रभागा आठवते. प्रवास उत्तरेचा आहे, कविता पंढरीची आहे. आणि काव्याचा कळस कुठे येतो? परतल्यावर. नामदेव विठ्ठलासमोर उभे राहतात, वाटेवरचा जीव घाबरा झालेला सांगतात, आणि मग मावंदे होते. मावंदे हा शब्द आज मागे पडला. काशीयात्रा करून सुखरूप घरी आल्यावर घालायचं जेवण म्हणजे मावंदे. प्रवासाची सांगता तीर्थावर होत नाही, घरच्या पंगतीत होते, एवढं शहाणपण या एका शब्दात आहे.

इथे तत्त्वज्ञानाचा थोडा आधार घेऊ. आमचा तो जुना व्यवसाय आहे, म्हणून माफ करा. भारतीय दर्शनांत 'प्रत्यभिज्ञा' अशी संकल्पना आहे. प्रत्यभिज्ञा म्हणजे ओळख पटणे. 'हाच तो देवदत्त' हे त्याचं ठरलेलं उदाहरण. यात दोन गोष्टी लागतात: पूर्वी पाहिलेला देवदत्त, आणि आता समोर असलेला देवदत्त. मधे अंतर हवं, काळाचं किंवा जागेचं. जो सतत डोळ्यांसमोर आहे त्याला आपण पाहतो, पण 'हाच तो' असं कधी म्हणत नाही. काश्मीरच्या शैव आचार्यांनी तर याच शब्दावर सगळं दर्शन उभं केलं: जे मिळवायचं ते आधीपासून आपल्याजवळ आहे, फक्त ओळख पटायची राहिली आहे. घरी परतलेल्या कवीचं हेच होतं. गाव तेच असतं. ओळख नवी असते.

पण ओळख पटणे नेहमी सुखाचे नसते, आणि म्हणून आता पुन्हा आळंदीला यायचं. शके १२१८, म्हणजे १२९६. पंढरपूरची कार्तिकी झाली आणि सगळी संतमंडळी ज्ञानदेवांबरोबर आळंदीला आली. कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. 'समाधी' या प्रकरणात नामदेव तो प्रसंग सांगतात: जागा स्वच्छ करणारे हात, निवृत्तिनाथांचा फुटलेला बांध, आणि तीर्थावळीत ज्याच्यासोबत सगळा भारत चाललो तो सोबती डोळ्यांदेखत नाहीसा होणे. पंढरीला परतून नामदेवांना विठ्ठल पुन्हा मिळाला होता. आळंदीत सोबती गेला. जपानी कवी बाशो १६८४ मध्ये प्रवास करत आपल्या गावी पोचला तेव्हा आई आदल्याच वर्षी गेलेली होती. परतणाऱ्याला घर सापडतं, पण त्यातली माणसं सापडतीलच असं नाही. कवितेला ही खात्री नसणंच बहुधा पुरतं.

यानंतर नामदेव पुन्हा उत्तरेकडे गेले, पंजाबात रमले. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान त्यांचे गाव झाले. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, अध्यक्ष होते देहूचे सदानंद मोरे. आणि नामदेव शेवटी परतले का? पंढरपूर म्हणते, परतले, महाद्वाराच्या पायरीशी त्यांची समाधी आहे. घुमान म्हणते, ते इथेच राहिले. दोन्ही गावांना तो आपला वाटतो. कवीचा याहून मोठा सन्मान कोणता?

आळंदीला परतणाऱ्यांची रांग पुढेही चालू राहिली. पैठणचे एकनाथ इथे आले, आणि शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. शुद्धिपत्र मागायला मुले ज्या पैठणला गेली, त्याच पैठणच्या माणसाने तीनशे वर्षांनी त्यांच्या ग्रंथाचं शुद्धीकरण केलं, हा इतिहासाने केलेला न्याय म्हणा. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत चाकरीला होते. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी अडवले. सुटका झाली ती हरिपाठाने, अशी श्रद्धा. ते घरी न जाता आळंदीला आले, आणि १८३२च्या सुमारास आजच्या स्वरूपातला पालखी सोहळा त्यांनी सुरू केला. कार्तिकी यात्रेचा आरंभ अजूनही त्यांच्या पायरीच्या पूजेने होतो.

मग आजची आळंदी? एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकण. १९६०च्या दशकापासून इथे कारखाने आले आणि मराठवाडा-विदर्भातली पोरं कामाला आली. त्यांच्यासाठी आळंदी हे तीर्थ आहे आणि भाड्याच्या खोलीचा पत्ताही. दिवाळीला ती गावी जातात, चार दिवसांनी पाळीला हजर होतात. ही त्यांची वारी. त्याच गल्ल्यांत जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतली मुले मृदंग खांद्याला लावून जाताना दिसतात. चार वर्षे शिकून, अभंग पाठ करून त्यांतली कितीतरी आपापल्या गावी परततात. आणि मधे इंद्रायणी. अलीकडे ऐन यात्रेत तिच्या पात्रावर पांढरा फेस तरंगतो, भाविक तो हाताने बाजूला सारून स्नान करतात. 'हीच ती' असं म्हणायला नदी ओळखू यायला हवी ना? जुनी जागा ओळखीची राहिली नाही तर परतणाऱ्या कवीला काय मिळणार, हा प्रश्न प्रदूषणाचा आहे तसाच मराठी कवितेचाही आहे.

दर कार्तिकात नामदेवरायांची पालखी पंढरपूरहून आळंदीला येते. समाधीच्या दिवशी त्यांच्या वंशातल्या नामदास महाराजांचं कीर्तन होतं. सातशे वर्षांपूर्वी ज्या कवीने निरोपाचे अभंग केले, त्याच्या घरची माणसं ते अभंग त्याच जागी येऊन म्हणतात, आणि ऐकणारे आजही रडतात. आषाढीला तुम्ही कधी ना कधी चालला असालच. जमलं तर एकदा परतीच्या वाटेवर दोन मुक्काम चालून बघा. गर्दी नसते, त्यामुळे टाळ स्पष्ट ऐकू येतो.

इथे थांबतो.