त्या घरात कोण राहत होतं?

साल १८८७. नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीत, वायसर्टजवळच्या एका शेतावर तुम्ही पायपेटीचा एक कोपरा उचलून धरला आहे. दुसऱ्या बाजूने घरधनी रेटतोय आणि पेटी उंबऱ्याला घासू नये म्हणून हिल्टनबाई दारात उभ्या आहेत. पेटी बाहेर मोकळ्यावर न्यायची आहे. फोटो पूर्वेकडच्या आप्तांना दाखवायचाय, पण आपण मातीच्या घरात राहतो हे त्यांना दिसलेलं बाईंना नकोय. म्हणून घर मागे येणार नाही अशा जागी गवतात पेटी मांडायची आणि तिच्याभोवती सगळ्यांनी उभं राहायचं.

कॅमेऱ्यामागे सॉलोमन बुचर आहे. वय एकतीस. १८८० साली तो इथे जमीन घ्यायला आला, पण शेतीत त्याचा जीव रमला नाही. गेल्या वर्षापासून त्याने एकच ध्यास घेतलाय: अख्ख्या काउंटीचा इतिहास फोटोंतून उभा करायचा. घोडागाडीत कॅमेरा आणि फोटो उतरवायच्या काचा भरून तो या शेतावरून त्या शेतावर हिंडतो. काउंटीची रीतसर स्थापना १८७७ची. दहा वर्षांच्या वस्तीचा कसला आलाय इतिहास, असं कुणीही म्हणेल. माणसं हयात आहेत, भिंती उभ्या आहेत, तेव्हाच हे टिपलं पाहिजे हे त्याला उमगलं, यात मला त्याचं मोठेपण दिसतं.

फोटो झाला. आता त्या लपवलेल्या घरात शिरा.

आत पाऊल टाकताच गारवा जाणवतो. भिंत अडीच-तीन फूट जाड, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर तुम्ही आरामात बसू शकता. या माळरानावर झाडं फक्त ओढ्याकाठी. लाकूड नाही, दगड नाही. आहे ते गवत, आणि त्याच्या मुळ्यांनी घट्ट बांधलेली माती. खास नांगराने तिचे लांब पट्टे कापायचे, त्यांचे सुमारे तीन फुटी तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून थर रचायचे. एका घराला साधारण एकरभर जमिनीची साल लागते. छपरावरही तीच माती. मराठवाड्यातलं माळवद ज्यांनी पावसाळ्यात सोसलंय त्यांना पुढचं सांगायला नको: बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला थांबत नाही. वरून माती पडू नये म्हणून छताखाली कापड ताणलंय. चुलीशेजारी माळावरून वेचलेल्या शेणी रचल्यात, सरपण तेच.

हे सगळं १६० एकरांसाठी. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षं जमिनीवर राहायचं, ती कसायची, मग ती आपल्या नावावर. किती जण पाच वर्षं टिकतील हे आज कुणालाच माहीत नाही. येत्या १२ जानेवारीची, १८८८ची, सकाळ उबदार उजाडेल, मुलं जाड कपडे न घालता शाळेत जातील आणि अचानक असं हिमवादळ येईल की हाताला हात दिसणार नाही. शेजारच्या व्हॅली काउंटीत मिनी फ्रीमन ही तरुण शिक्षिका छप्पर उडालेल्या शाळेतून आपल्या मुलांना सुखरूप बाहेर नेईल. साऱ्या माळप्रदेशात दोनशेच्या वर माणसं दगावतील. त्यांत शाळकरी मुलं पुष्कळ.

पण आज हवा स्वच्छ आहे. बुचरच्या गाडीत बसा आणि वेस्टरव्हिलजवळ उतरा. मातीच्या घरासमोर जेरी शोअर्स आणि त्यांचं कुटुंब फोटोसाठी बसलंय. शोअर्स एकेकाळी गुलाम होते. लगतच्या जमिनी मोझेस स्पीझ आणि हेन्री वेब यांच्या. तिघांची आडनावं तीन, आणि तिघं सख्खे भाऊ. प्रत्येकाला ज्या मालकाने राबवलं त्याचं आडनाव त्याला चिकटलं. कागदावर तीन अनोळखी शेतकरी दिसतील. ते भाऊ आहेत, वेगळे झालेले भाऊ शेताला शेत लावून पुन्हा एकत्र आलेत, हे फोटोत कुठेच दिसत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. स्थानिक इतिहाससंस्था कशाला हवी, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

इथेच पायाखालच्या जमिनीकडेही बघा. लूप नदीच्या उपनद्यांचा हा मुलूख पॉनी लोकांच्या वावराचा, शिकारीचा. १८५७च्या तहात त्यांच्याकडून प्लॅट नदीच्या उत्तरेची बहुतेक जमीन गेली आणि १८७०च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. ब्रोकन बो या मुख्य गावाचं नावसुद्धा त्यांच्यासारख्या मूळ रहिवाशांच्या जुन्या तळावर सापडलेल्या मोडक्या धनुष्यावरून पडलं, असं सांगतात. ज्यांचं धनुष्य, त्यांचा फोटो काढायला बुचरच्या गाडीला जागाच उरली नव्हती. पहिल्या नांगरापासून सुरू होणारा वारसा मला अर्धा वाटतो. काउंटीची वही त्याआधीच्या पानापासूनच उघडायला हवी.

आता मार्च १८९९. बुचरचं घर पेटलंय. गोळा केलेल्या हकिकती, टिपणं, सगळं त्यात गेलं. काचा मात्र धान्याच्या कोठारात होत्या, म्हणून वाचल्या. चेहरे राहिले आणि त्यांच्या कहाण्या जळाल्या. बुचर पुन्हा लोकांच्या दारात गेला, हकिकती नव्याने मिळवल्या, आणि फिंच नावाच्या पशुपालकाने पैसा लावल्यावर १९०१ साली काउंटीचा इतिहास छापून निघाला. पुढे त्याच्या काचा लिंकनला, राज्याच्या इतिहाससंस्थेकडे गेल्या. तिथे आज त्या तीन हजारांहून जास्त आहेत. संगणकावर त्यांच्या बारीक तपशिलाच्या प्रती झाल्या तेव्हा काळ्याकुट्ट दारांच्या आतलं सामान, माणसंही दिसू लागली. हिल्टनबाईंनी एवढ्या खटपटीने झाकलं, ते इतरांच्या घरांबाबत शंभर वर्षांनी उघडं झालं. बुचर १९२७ साली वारला.

आजच्या ब्रोकन बोमध्ये या. १९१०मध्ये काउंटीत २५ हजारांवर लोक होते. २०२०च्या गणनेत जेमतेम साडेदहा हजार. शेतं मोठी झाली, घरं मातीत विरली. कॉमस्टॉकजवळ डाउझ कुटुंबाचं १९०० साली बांधलेलं घर मात्र डागडुजी करून जपलंय. आत जाऊन भिंतीच्या जाडीवर हात ठेवता येतो. गावात काउंटीच्या इतिहाससंस्थेचं संग्रहालय आहे. माणसं पांगली, त्यामुळे पणजोबांचा ठावठिकाणा विचारणारे आता दूरदूरहून येतात.

त्यांच्यातलेच एक होऊन तुम्ही टेबलाशी बसा. हातात एक जुना फोटो: मातीचं घर, एक बाई, दोन मुलं. समोरची स्वयंसेविका फोटो उलटा करून आधी मागची बाजू बघते. कोरी आहे. तुमच्याकडे आडनाव तेवढं आहे. ती जुन्या वर्तमानपत्रांची सूची काढते, दफनभूमीच्या नोंदी जवळ ओढते. आडनाव तीन ठिकाणी निघतं. मग जमिनीचा जुना नकाशा पसरून ती विचारते, "यांचे शेजारी कोण होते, घरात कुणाला आठवतंय का?"