पोखरण रोडवरची 'सयोनी'

आमच्या पिढीचे चार लोक एकत्र बसले की नव्वदच्या दशकातली गाणी निघतातच, आणि पाठोपाठ हाही प्रश्न निघतो की त्यातली आज कानाला किती टिकतात. बहुतेक जण इथे पळवाट काढतात. सतराव्या-अठराव्या वर्षी आवडलेल्या गाण्याला वाईट म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. मी एका गाण्यापुरता हा प्रश्न नीट विचारून पाहणार आहे. गाणं 'सयोनी', बँड लाहोरचा 'जुनून', अल्बम 'आझादी', साल १९९७. भारतात ते घरोघरी पोहोचलं १९९८ मध्ये.

आमच्याकडे म्हणजे ठाण्यात, वर्तकनगरात. तेव्हा तिथे म्हाडाच्या बैठ्या उंचीच्या इमारती होत्या, आता त्यातल्या बऱ्याच पाडून टॉवर उभे राहिले आहेत. वस्तीला लागून पोखरण रोड नंबर एक जातो, तो पुढे उपवनच्या तलावाकडे निघतो. पोखरण म्हणजे तळं, पुष्करिणीचं बोलीतलं रूप. पण हा अर्थ तेव्हा कुणाला ठाऊक होता? १९९८ च्या मे महिन्यात राजस्थानातल्या पोखरणनं अणुस्फोट केले आणि आमच्या रस्त्याच्या नावावर रिक्षावाल्यांपासून वाण्यापर्यंत सगळ्यांनी विनोद करून घेतले.

त्याआधी थोडं रॉकविषयी. मुंबईत रॉक होतं आणि चांगलं होतं. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरत असे. 'रॉक मशीन' नावाचा बँड होता, त्यानं पुढे 'इंडस क्रीड' असं नाव घेतलं. पण ते सगळं इंग्रजीत. ठाण्याच्या मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलांना ते टीव्हीवर दिसायचं, आवडायचंही, पण ओठांवर यायचं नाही. तिकडे अमेरिकेत निर्वाणा, आर.ई.एम. असे बँड मुख्य रस्ता सोडून आडवाटेनं चालले होते आणि ती आडवाटच पाहता पाहता हमरस्ता झाली. आर.ई.एम.च्या 'लूझिंग माय रिलिजन' या १९९१ च्या गाण्याची गंमत सांगते. नाव ऐकून आमच्यातल्या काहींना वाटलं, गाणारा धर्म सोडतोय. खरं तर तो अमेरिकेच्या दक्षिणेकडचा वाक्प्रचार आहे. संयम सुटणं, अगदी टोकाला येणं असा त्याचा अर्थ. गाणं जगभर गेलं ते निम्म्या लोकांनी चुकीचं समजून घेऊनच.

'सयोनी'चंही तसंच झालं. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांचं ठाम मत होतं की सयोनी हे मुलीचं नाव आहे.

जुनूनविषयी थोडक्यात. गिटारवादक सलमान अहमद शिक्षणानं डॉक्टर, काही वर्षं न्यूयॉर्ककडे वाढलेला. गायक अली अजमत लाहोरचा. बास वाजवणारा ब्रायन ओकॉनेल अमेरिकन, सलमानचा शाळेपासूनचा मित्र. १९९० मध्ये बँड उभा राहिला. १९९६ मध्ये त्यांनी राजकारण्यांच्या भ्रष्टाचारावर 'एहतेसाब' हे गाणं केलं तेव्हा पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीनं त्यावर बंदी घातली. म्हणजे हे लोक आपल्या घरातही फार लाडके नव्हते. 'सयोनी'चे शब्द साबिर जफर यांचे, चाल सलमान अहमदची.

आणि १९९८. त्या एका वर्षात किती गोष्टी एकमेकींना खेटून उभ्या आहेत! राज्यात युतीचं सरकार. मुंबईत गुलाम अलींची मैफल शिवसैनिकांनी उधळली. ११ आणि १३ मे रोजी पोखरण, २८ मे रोजी चागई. ऑगस्टमध्ये श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल विधानसभेत मांडला गेला, आणि सरकारनं तो स्वीकारला नाही. याच वर्षी मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला. याच वर्षी जुनून भारतात कार्यक्रम करून गेलं, अणुस्फोटांच्या विरोधात बोललं, आणि मायदेशी परतल्यावर सरकारी टीव्ही-रेडिओवरून हद्दपार झालं.

आमच्या घरी 'सयोनी' आणि 'गारवा' या दोन्ही कॅसेट भाईजाननं आणल्या होत्या. अब्बा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. गाण्याचं त्यांना वावडं नव्हतं. मेहदी हसन आणि बालगंधर्व दोघेही त्यांना चालत. १३ मेनंतर बिल्डिंगमध्ये पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. त्या संध्याकाळी भाईजाननं कॅसेट लावली तेव्हा अब्बा उठले आणि काही न बोलता आवाजाचं बटण खाली आणलं. बंद नाही केलं. कमी केलं, इतकं की स्वयंपाकघरात ऐकू येईना. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलानं तेच गाणं त्याच आठवड्यात दार सताड उघडं टाकून लावलं होतं, आणि ते आमच्या घरात छान ऐकू येत होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. अब्बाही ते ऐकत बसले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती.

एकच गाणं, समोरासमोरची दोन दारं आणि आवाजाची दोन मापं. म्हणून 'सयोनी' टिकलं का, हा प्रश्न मला फक्त संगीताचा म्हणून विचारता येत नाही. पण आधी संगीताचं बोलते, नाही तर गाण्यावर अन्याय होईल.

आज हेडफोन लावून ऐकलं की काही गोष्टींचं वय लगेच कळतं. ड्रमचा आवाज नव्वदच्या दशकातला, मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये वाजवल्यासारखा. गिटारचा मधला तुकडा आपल्याच प्रेमात पडलेला. पण तबला गिटारच्या बरोबरीनं चालतो, नुसता शोभेला ठेवलेला नाही. आणि अली अजमतचा गळा! तो शिकलेल्या गायकाचा गळा नाही. वरच्या सुरात तो फाटतो आणि नेमकं तिथेच गाणं काळजात शिरतं. त्या वेळच्या आपल्याकडच्या पॉप गाण्यांत सगळं कसं साबणानं धुतल्यासारखं असायचं. इथे बेचैन माणूस खरोखर बेचैन वाटतो.

'आझादी' अल्बमातलंच 'खुदी' मात्र माझ्या मते टिकलं नाही. इक्बालचा शेर विजेच्या गिटारवर चढवला की भाषण होतं. वर्गात मी इक्बाल शिकवते तेव्हा मुलांना आधी तो हळू आवाजात वाचायला लावते. 'सूफी रॉक' हा शिक्काही मला कधी फारसा पटला नाही. तो कॅसेट विकणाऱ्यांच्या कामाचा.

सूफी काही असेल तर ते 'सयोनी' या शब्दात आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ आत्म्याचा जोडीदार असा काहीसा दिला जातो. माझ्या कानाला ते पंजाबीतलं 'सइयो नी' आहे. सई म्हणजे सखी, सइयो म्हणजे सख्यांनो, आणि 'नी' म्हणजे आपलं 'गं'. सयांनो गं! मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये. जात्यावरच्या ओव्यांत सई आहे, सये आहे. संस्कृतातली सखी प्राकृतात सही झाली आणि सह्याद्रीकडे काय, रावीकाठी काय, सई होऊन राहिली. म्हणजे पुरुषाच्या फाटक्या गळ्यातून इथे एक बाई बोलते आहे, मैत्रिणींना हाक मारून सांगते आहे की जीव थाऱ्यावर नाही आणि याला औषधही नाही. बाकीचे शब्द बरेचसे सोप्या उर्दूतले. एका कडव्यात उंटाच्या वेसणीचा उल्लेख येतो. मला तो सस्सी-पुन्नूच्या गोष्टीतून आलेला वाटतो: पुन्नूला त्याचे भाऊ झोपेतच उंटावर घालून नेतात आणि धोब्याच्या घरी वाढलेली सस्सी वाळवंटात उंटांच्या मागावर पायी निघते, चालत चालत मरते. शाह अब्दुल लतीफ यांनी सिंधीत तिच्यावर काय काय लिहिलं आहे, तो वेगळाच विषय होईल.

पुरुष कवीनं विरहिणीच्या तोंडून बोलायचं, याला पंजाबीत काफीचा मोठा वारसा आहे. आपल्याकडे विराणी आणि गवळण आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या मी नववी-दहावीच्या मुलांना समजावते तेव्हा पहिला अडथळा हाच असतो: लिहिणारा बाप्या, मग 'मी' बाई कशी? उर्दूच्या तासाला शाह हुसेनचं नाव निघालं की तोच अडथळा, तीच शंका, फक्त मुलं दुसरी. लाहोरचा शाह हुसेन विणकराच्या घरचा. त्याचा काळ १५३८ ते १५९९ असा धरतात. पैठणच्या एकनाथांचा १५३३ ते १५९९. दोन्ही सनावळ्या मी एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि मलाच थांबावं लागलं. एक रावीकाठी सइयोंना हाका मारतोय, दुसरा गोदाकाठी गवळणी रचतोय, हिंदू-तुर्कांचा वाद-संवाद लिहितोय. दोघांनी एकाच वर्षी डोळे मिटले. त्यांची एकमेकांना खबर असायचं काही कारण नाही.

म्हणून माझं मत असं की 'सयोनी'मधलं जे नवं होतं ते जुनं झालं, आणि जे आधीच चारशे वर्षांचं होतं ते तसंच्या तसं उभं आहे. बँडनं स्वतःकडून ज्या अपेक्षा वाढवून ठेवल्या होत्या, दोन देश जोडण्याच्या वगैरे, त्या गाण्याच्या खांद्याला पेलणाऱ्या नव्हत्याच. २००८ च्या मे महिन्यात ते श्रीनगरला दल सरोवराकाठी वाजवून आले. छान झालं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. गाण्यानं तो थांबवायला हवा होता असं कुणी म्हणणार नाही, पण व्यासपीठावरून मोठमोठं बोललं की लोक नंतर हिशेब मागतात.

'गारवा' दर जूनमध्ये वाजतो, आणि वाजावाच. त्याच्याकडे कुणी हिशेब मागत नाही. 'सयोनी'चं तसं नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये षण्मुखानंदमधली गुलाम अलींची मैफल रद्द झाली. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्यानं मला सहज, अगदी आपुलकीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला वाईट वाटलं असेल ना?" मी म्हटलं, "सर, तुमच्या मोबाइलची रिंगटोन गुलाम अलींची आहे." ते हसले, मीही हसले. चांगले गृहस्थ आहेत, अजून आमचा डबा एकत्र असतो. पण त्या दिवशी वाईट वाटण्याचं काम फक्त माझ्याकडे आलं, हे खरं.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं. त्यात आपल्या डोंबिवलीचे तिघे होते. त्यानंतरचे कित्येक दिवस मला कुठलंच गाणं ऐकवलं नाही, हे तर नाहीच नाही. ८ मे रोजी केंद्र सरकारनं सूचना काढली की ओटीटी आणि स्ट्रीमिंगवाल्यांनी पाकिस्तानातले चित्रपट, मालिका, गाणी, पॉडकास्ट बंद करावेत. सरकारला अशा वेळी काही करावंसं वाटतं, ते मी समजू शकते. मारणाऱ्यांविषयी माझ्या मनात कसलीही गुंतागुंत नाही. गुंतागुंत आहे ती साबिर जफरच्या शब्दांविषयी आणि सइयोंविषयी, ज्या कुठल्या एका देशाच्या नाहीत.

माझ्या भाचीला, ती अकरावीत आहे, मी भाईजानकडची जुनी कॅसेट ऐकवली. तो आता कल्याणला राहतो, टेपरेकॉर्डर त्यानं जपून ठेवला आहे. मी तिला आधी काहीच सांगितलं नाही. ना देश, ना साल. तिनं सुरुवातीला दोनदा विचारलं की पुढे कसं ढकलायचं. मग गप्प झाली. संपल्यावर म्हणाली, "फुप्पी, मधला गिटारचा भाग फार लांबलाय. पण ही कुणाला शोधतेय?"

'हा' नाही म्हणाली, 'ही' म्हणाली. गाणारा पुरुष आहे हे तिला ऐकू येत होतंच.

तिची गिटारबद्दलची तक्रार मला मान्य आहे. तो तुकडा निम्मा केला तर गाण्याचं काही बिघडणार नाही. बाकी कशाला हात लावू नये.