दहा टक्क्यांचा सरसकट हिशेब

इमारतीच्या ऊर्जा-मॉडेलमध्ये ऑक्युपन्सी सेन्सर दाखवला की दिव्यांच्या वॅटमधून ठरलेले टक्के वजा करायचे, ही रीत पुष्कळ ठिकाणी निर्विवाद मानली जाते. तिचा आधार ॲश्रे ९०.१ मानकाचे अपेंडिक्स जी. २००७ च्या आवृत्तीत ५,००० चौरस फुटांपर्यंतच्या आणि चोवीस तास न चालणाऱ्या इमारतींना सेन्सरबद्दल १५ टक्के सूट होती, बाकी सगळ्यांना १०. लीड प्रमाणपत्राची मॉडेल्स याच अपेंडिक्सवर उभी राहत असल्याने पुण्या-मुंबईतल्या सल्लागारांनाही हा आकडा परका नाही.

या रीतीच्या समर्थकांचा युक्तिवाद हलका नाही. नियमपूर्तीचे मॉडेल हे वीजबिलाचे भाकीत नसते, ती दोन इमारतींची तुलना असते. आकडा बांधलेला असला की कुणाला सोयीचे वेळापत्रक रचून गुण लाटता येत नाहीत. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून आकडा आधी ठरलेला असावा एवढेच सिद्ध होते. तो सर्व खोल्यांना एकच असावा, हे मुळीच नाही.

आधी ठरलेला, तरीही खोलीगणिक वेगळा हिशेब युरोपच्या ईएन १५१९३ मानकाने २००७ मध्येच मांडला. त्यात एक अंक खोलीच्या रिकामेपणाचा: एकट्याच्या केबिनला ०.४, बैठकीच्या खोलीला ०.५. दुसरा नियंत्रणाचा: साधे बटण १.०, आपोआप लागून आपोआप विझणारा दिवा ०.९, हाताने लावायचा पण आपोआप विझणारा ०.८. केबिनसाठी दोन्ही अंक सूत्रात घातले की गुणक येतात अनुक्रमे ०.८, ०.७ आणि ०.६. बटणाच्या तुलनेत पहिल्या सेन्सरची बचत साडेबारा टक्के, दुसऱ्याची पंचवीस! कारण उघड आहे. खिडकीतून पुरेसा उजेड येत असेल तर माणूस बटणाला हात लावत नाही. आपोआप लागणारा दिवा मात्र आत पाऊल पडताच लागतो. सरसकट सूट या दोघांना एकाच मापाने मोजते, मग चांगली जोडणी निवडण्याचे कारणच डिझायनरला उरत नाही.

मोकळ्या कार्यालयात तर ही सूट उघडी पडते. सहाहून अधिक माणसांच्या दालनात ३० चौरस मीटरला एक सेन्सर बसवला तर युरोपीय मानक रिकामेपणा शून्य धरते आणि बचतही शून्य. कुणी ना कुणी तिथे असतेच. दर १० चौरस मीटरला एक बसवला की तोच अंक ०.२ होतो.

शिवाय वॅट कापल्याने कपात दिवसभर सारखी पसरते. दालन भरलेले असताना, सकाळी अकरालाही, मॉडेल दिवे मंद समजते आणि वातानुकूलनावरचा त्यांचा उष्णताभार कमी दाखवते. खरी बचत जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी होते. तेव्हा कपात वॅटमध्ये न करता तासागणिक वेळापत्रकात करावी, आणि तीही खोलीच्या प्रकारानुसार बांधून दिलेली. नियंत्रणयंत्रणा दिवे बंद असतानाही जी वीज खाते, तीही त्याच हिशेबात धरावी: प्रत्यक्ष माहिती नसेल तर याच युरोपीय मानकाच्या २००७ च्या आवृत्तीने त्यासाठी चौरस मीटरमागे वर्षाला ५ युनिट धरली होती.