मोसंबीचा मळा आणि हुरड्याची आगटी

चिकलठाण्यात आमचं शेत कुठं म्हटलं, की आता लोक विचारतात, विमानतळाच्या अलीकडं का पलीकडं? माझ्या लहानपणी खूण सुखना नदीची होती. आज्यानं बांधावर लावलेले गावरान आंबे होते. त्यांना माणसांसारखी नावं होती, शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या.

१९७२ च्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. मी बारा वर्षांचा. माय खडी फोडायला जायची, मी टोपलं घेऊन मागं. घरात मिलोच्या लाल भाकरी. आंबे मात्र तगले, मुळ्या खोल होत्या. ही गोष्ट आम्हाला समजायला चाळीस वर्षं लागली.

दहावी झाली अन् माझी शाळा सुटली. १९८७ ला अण्णांनी तीन एकरांत मोसंबी लावली, रंगपूर खुंटावरची न्यूसेलर. जालना-औरंगाबाद पट्ट्यात तेव्हा मोसंबी म्हणजे नगदी पैसा. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत पाणी सोडलं की आंबे बहार फुटायचा. ताण चुकला तर फूल नाही, नुसती पालवी. खोडाला डिंक्या लागला की अण्णा बोर्डोची पेस्ट घेऊन झाडाझाडापाशी बसायचे. त्या बागेनं दोन बहिणींची लग्नं केली.

२०१२ ला पाऊस गेला. उन्हाळ्यात झाडाला पन्नास लिटर धरलं, तरी तीनशेवर झाडांच्या एका पाळीला दोन टँकर लागायचे. आधी कर्ज काढलं, मग मायची पाटली मोडली. २०१३ च्या मे महिन्यात बाग तोडली. सरपणाच्या भावात गेली. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग प्लॉटवाले येऊ लागले. भाऊ म्हणाला, "दादा, विकून टाकू." त्याचंही चुकीचं नव्हतं. मी वर्षभर उत्तर दिलं नाही.

२०१६ ला पाऊस बरा झाला, तेव्हा सीताफळ लावलं. पाणी कमी लागतं अन् शेरडं पाला खात नाहीत. हिमायतबागेतून केशरची कलमं आणली. मोगलांच्या काळातली ती बाग, आता तिथं विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. खत-औषध उधारीवर आणायचं बंद केलं. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन अन् बांधावरची मूठभर माती, असं जीवामृत करू लागलो. तीन-चार वर्षं उत्पन्न म्हणावं असं काही नव्हतं.

त्यातच हुरड्याला शहरातली माणसं आली, मुलाच्या ओळखीची. अण्णांनी आगटी पेटवली, गुळभेंडीची कणसं भाजून स्वतः चोळून दिली. निघताना एकानं पाकीट काढलं, "किती द्यायचे?" अण्णा उठून गोठ्यात गेले. आमच्यात हुरड्याचे पैसे कुणी घेतले नव्हते. माझी मान खाली गेली, पण पैसे मी घेतले. विहिरीवरच्या मोटारीचं बिल थकलं होतं.

२०२० ला सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं. आम्ही दोन खोल्या बांधल्या. माणसं शांतता पाहिजे म्हणून येतात, अन् डोक्यावरून विमान जातं. पोरं टाळ्या वाजवतात, मोठ्यांचं तोंड उतरतं.

सूनबाई हिशोब बघते. एप्रिल लागला की खोल्यांना कुलूप. आंघोळीला पाणी द्यावं तर केशरचं फळ गळतं. त्या दोन महिन्यांत फोनवर तिला रोज नाही म्हणावं लागतं. खोलीचे अन् जेवणाचे दर फळ्यावर लिहिलेत. हुरड्याचा दर लिहिलेला नाही. अण्णा होते तोवर लिहू दिला नाही, अन् नंतर माझा हात झाला नाही.