टाचेतला खिळा : 43 तास

छत्रपती संभाजीनगरमधल्या शहागंजच्या मंडईतल्या कुणाही हमालावर येऊ शकेल असा हा प्रसंग. माणूस कल्पनेतला आहे, पण त्याच्या शरीरात जे घडते ते अगदी खरे.

43 तास आधी (सोमवार, पहाटे 5)
गोणी उतरवताना चपलेतून खिळा टाचेत शिरतो. मधुमेहाने पाय बधिर, त्यामुळे ठणका नाही. जखमेवर हळद दाबून तो पुन्हा कामाला लागतो. आत मात्र स्ट्रेप्टोकोकस जिवाणू शिरले आहेत.

काही मिनिटांतच कातडीखालच्या भक्षक पेशी त्यांना ओळखतात आणि रसायनांतून हाक देतात. केशवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो. टाच लाल, गरम होते, सुजते.

37 तास आधी (सकाळी 11)
रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जखमेकडे धावतात आणि जिवाणूंना गिळू लागतात. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अळीत गुलाबाचा काटा टोचून हेच पाहिले होते. पण इथे रक्तात साखर फार आहे. न्यूट्रोफिल मंदावतात, जिवाणू वाढत राहतात.

25 तास आधी (रात्री 11)
जांघेत अवधाण येते. तिथली लसिकाग्रंथी जिवाणू अडवते आहे. नेमकी प्रतिपिंडे बनायला मात्र अजून काही दिवस लागतील.

12 तास आधी (मंगळवार, दुपारी 12)
थंडी वाजून ताप. वाढलेल्या तापमानात जिवाणूंची वाढ रोडावते, म्हणून मेंदूच ते वाढवतो. हमाल तापाची गोळी घेऊन पाठीवर गोणी चढवतो. दवाखाना गाठायची ही वेळ हातची जाते.

4 तास आधी (रात्री 8)
जिवाणू रक्तात उतरतात. टाच वाचवण्यासाठी जो पाझर होता, तोच आता अंगभर सुरू होतो. श्वास जलद, लघवी कमी, बोलणे असंबद्ध.

मध्यरात्र
रक्तदाब कोसळतो : सेप्टिक शॉक. घरचे त्याला रिक्षात घालून घाटी रुग्णालयाकडे निघतात. आता प्रतिजैविकाला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जिवाचा धोका वाढवतो.

शरीर पहिल्या मिनिटापासून लढत होते. लाली, अवधाण, ताप या त्याच्याच हाका होत्या. वाहते पाणी, साबण, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि साखरेची तपासणी, ही आपली साथ त्याला पहिल्याच दिवशी हवी होती.